आठवीच्या ४८ मुलांच्या वर्गात समस्याधारित अध्ययन कसं आखायचं आणि गुण कसे द्यायचे?

तुमच्या प्रश्नात ३५ मिनिटांची तासिका, एकच शिक्षक आणि "प्रकल्पापेक्षा हे वेगळं कसं?" अशी शंका आहे. शंकेपासूनच सुरुवात करतो. समस्याधारित अध्ययन म्हणजे आधी समस्या द्यायची आणि ती सोडवता सोडवता मुलांना शिकू द्यायचं. "पाणी वाचवा" हा विषय झाला, त्यावर मुलं तक्ता रंगवून आणतील. समस्येत निर्णय घ्यावा लागतो, अट असते आणि थोडी माहिती मुद्दाम कमी ठेवलेली असते.

उदाहरणार्थ: शाळेचं छप्पर २० मीटर लांब, ६ मीटर रुंद. स्वच्छतागृहाला रोज ४०० लिटर पाणी लागतं. पावसाळ्यात ते छपरावरून मिळवायचं आहे. १०००, २००० आणि ५००० लिटरच्या टाक्यांपैकी कोणती घ्यावी, हे मुख्याध्यापकांना पटवून द्या. पावसाचे आकडे देऊ नका, ते लागतील हे मुलांनाच कळू दे. मागितले की कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावरचे तुमच्या महसूल मंडळाचे (तालुक्यातल्या काही गावांच्या गटाचे) रोजचे आकडे छापून द्या.

मुलांना मुख्य ठेच कुठे लागते ते आधीच ओळखून ठेवा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. वीस टक्के वाया गेलं असं धरलं, तर या छपरावरून मिलिमीटरला ९६ लिटर मिळतात. बहुतेक गट हंगामाचा सगळा पाऊस, समजा ७०० मिमी, गुणून ६७,२०० लिटर काढतात आणि सर्वांत मोठी टाकी मागतात. टाकी रोज भरते आणि रिकामीही होते, हे त्यांच्या लक्षात येत नाही. ५००० लिटरची टाकी भरायला साधारण ५२ मिमी पाऊस लागतो आणि ती साडेबारा दिवस पुरते. २००० ची पाच दिवस. म्हणजे निर्णय पावसातल्या खंडावर ठरतो. हे तुम्ही सांगून टाकलंत तर समस्या तिथेच संपते. "पाऊस आठ दिवस थांबला तर?" एवढंच विचारा. मिमीचे लिटर कसे होतात यावर तीन-चार गट अडले, तर मात्र दहा मिनिटं फळ्यावर सरळ शिकवा. त्यात कमीपणा नाही.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत १९६९ मध्ये ही पद्धत सुरू झाली, तेव्हा छोट्या गटासोबत एक मार्गदर्शक बसत असे. तुम्हाला सहा-सहा मुलांचे आठ गट एकट्यानं सांभाळायचे आहेत, म्हणून त्या मार्गदर्शकाचं बरंच काम कागदाकडून करून घ्या. प्रत्येक गटाला चार रकान्यांचा तक्ता द्या: काय माहीत आहे, काय हवं आहे, ते कुठून मिळेल, कोण आणणार. तासिका संपताना तो भरून घ्यायचा. एकूण सात-आठ तासिका लागतात, त्यातल्या दोन जोडून घ्या. लेखन वर्गातच व्हावं. घरी गेलं की पालकांचं होतं.

गुणांची विभागणी समस्या वर्गात नेण्याआधीच ठरवा. २० पैकी ८ वैयक्तिक लेखी उत्तराला: छप्पर ९० चौरस मीटर, गरज ३०० लिटर, खंड आठ दिवसांचा, आता कोणती टाकी आणि का? (२४०० लिटर लागतात, म्हणजे २००० ची अपुरी.) ६ गुण वहीतल्या वैयक्तिक तर्काला, ४ गटाच्या शिफारशीला, २ चार रकान्यांच्या तक्त्याला. सगळे गुण गटाला दिले की दोघं राबतात आणि चौघं नुसते बसतात. आकारिक म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात हे 'प्रकल्प' किंवा 'उपक्रम' या साधनाखाली नोंदवता येतं.

तर्काच्या ६ गुणांना "छान विचार" असा निकष चालत नाही. मी असे लावतो: नुसता निर्णय असेल तर २; निर्णय आणि बरोबर आकडेमोड असेल तर ४; त्याशिवाय दुसरी टाकी का नाकारली हे खंडाच्या आकड्यानं दाखवलं, तर ६. वही पेनानंच लिहायला लावा. खोडलेला ६७,२०० आणि त्याखालचा नवा हिशोब हाच विचार बदलल्याचा पुरावा असतो, त्याचे गुण कापू नका.

मुलांनी एकमेकांना दिलेले गुण बेरजेत धरू नका, मैत्रीत सगळ्यांना पैकीच्या पैकी मिळतात. त्याऐवजी प्रत्येकाकडून एक ओळ लिहून घ्या: कोणाच्या कोणत्या मुद्द्यामुळे गटाचा निर्णय बदलला? सहा चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या की गटात काम कोणी केलं ते दिसतं, आणि शंका असलेल्या मुलाला दोन मिनिटं तोंडी विचारता येतं.