पोहता येत नाही, हॅवलॉकला स्कूबा करावं का? आधी नाक बघा

तुमचा प्रश्न: "अंदमानात हॅवलॉक बेटावर दोनच दिवस आहोत. वय ४६, पोहता येत नाही. स्कूबा (हवेची टाकी लावून खाली उतरणं) करावं की स्नॉर्कलिंगवर (तोंडात नळी धरून वरवर तरंगत खाली बघणं) भागवावं? कान फार दुखतात म्हणे. आणि घाबरून अर्ध्यातून वर आलं तर पैसे परत मिळतात का?"

पैसे परत मिळत नाहीत. मला तरी मिळाले नाहीत. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं इथे बाकीचे लोक देतीलच, पण तुम्ही "घाबरून" लिहिलंत म्हणून मी लिहायला बसले.

माझं माहेर मालवण. भाऊ सातव्या वर्षी धक्क्यावरून उड्या मारायचा, आणि मी गुडघाभर पाण्यात गेले तरी आजी घरातून हाका मारायची. आमच्याकडे मुलींना मासा पारखायला शिकवायचे, पोहायला नाही. लग्न होऊन डोंबिवलीला आले तेव्हा सासरी सगळ्यांनी गृहीतच धरलं की ही मालवणची, म्हणजे हिला पाण्याचं काय!

फेब्रुवारी २०१९ मध्ये आम्ही घरचे नऊ जण अंदमानला गेलो. मीही तेव्हा ४६ चीच. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल, रात्री तिथलाच ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम उघड्यावर बसून. दुसऱ्या दिवशी हॅवलॉकच्या बोटीतला एसी. उतरेपर्यंत माझं नाक चोंदलेलं. (कागदोपत्री आता ते स्वराज द्वीप आहे, २०१८ पासून. बोलताना सगळे हॅवलॉकच म्हणतात.)

सकाळी डायव्हिंगवाल्यांनी फॉर्म दिला. दमा आहे का, रक्तदाब आहे का, सर्दी आहे का. माझे धाकटे दीर शेजारी बसले होते. म्हणाले, "वहिनी, सगळीकडे 'नाही'वर खूण करा. माणशी साडेचार हजार भरलेत, उगाच बुडायचे." मी केली. ही चूक माझीच, त्यांच्यावर ढकलत नाही.

शिकवणारा मुलगा बंगाली, तिथलाच. हॅवलॉकवरची बरीचशी वस्ती पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची. गावांची नावंही गोविंदनगर, राधानगर, विजयनगर. छातीभर पाण्यात उभं करून त्याने शिकवलं: श्वास तोंडाने, श्वास कधीही रोखायचा नाही, नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं म्हणजे कान मोकळे होतात. माझे होईनात. मी गप्प बसले. नऊ जणांच्या सहलीत आपल्यामुळे खोळंबा नको, ही आपली सवय.

तीन मीटरवर डाव्या कानात कुणी दाभण घुसवावं तसं झालं. मी कानाकडे बोट दाखवलं. तो मला मीटरभर वर घेऊन आला, पुन्हा हळूहळू खाली नेलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी अंगठा वर केला. पाण्याखाली अंगठा म्हणजे "मस्त" नव्हे, "वर चल". त्याने एका अक्षराने वाद घातला नाही, मला वर आणलं. जेमतेम सहा मिनिटं.

वीस मिनिटांनी भाऊजी बाहेर आले आणि अख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "मालवणच्या वहिनी, आणि पाण्याला घाबरल्या!" तेव्हापासून हे वाक्य साखरपुड्याला, बारशाला, गणपतीत, कुठेही निघतं. आमचे हेही हसतात.

आता ऐका. समुद्रसपाटीला आपल्यावर एका वातावरणाचा दाब असतो, दहा मीटर खाली तो दुप्पट होतो. म्हणजे प्रमाणात बघितलं तर सगळ्यात जोराचा बदल पहिल्या काही मीटरांतच. कानाच्या पडद्यामागे घशातून हवा पोचवणारी बारीक नळी असते, ती सर्दीने बुजली की पडदा आत दाबला जातो. यात धीर, धाडस, मालवण, काहीही येत नाही. तसंच रेटून खाली गेलं तर पडदा फाटू शकतो. डोंबिवलीला आल्यावर कानाच्या डॉक्टरांनी आत बघितलं. पडदा लालभडक होता, शाबूत होता. "वर आलात ते बरं केलंत," म्हणाले. हे वाक्य साखरपुड्याला कुणी सांगत नाही.

आणि भाऊजींच्या "डायव्हिंग"चा व्हिडिओ माझ्याकडे आहे. मागून त्या मुलाने टाकी धरलेली, हा माणूस सामानासारखा पुढे सरकवला जातोय, पाय एकदाही हललेले नाहीत, निम्मा वेळ डोळे मिटलेले. त्यात कमीपणा नाही, पहिल्या वेळेला सगळ्यांना असंच नेतात, बारा मीटरच्या खाली नेतही नाहीत. पण तो पाळणा आहे. पाळण्यात बसून आलेल्याने दुसऱ्याला भित्रं म्हणू नये. शिवाय घरी येऊन "ऑक्सिजन सिलिंडर लावून गेलो" सांगतात. त्यात साधी हवा असते हो, दाबून भरलेली. निव्वळ ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली विषारी ठरतो.

मी ४९ व्या वर्षी पोहायला शिकले. पालिकेचा तलाव, सकाळची बायकांची बॅच, चार महिने. जानेवारी २०२३ मध्ये एकटी हॅवलॉकला गेले आणि चार दिवसांचा ओपन वॉटर कोर्स, म्हणजे डायव्हिंग रीतसर शिकायचा पहिला कोर्स, केला. त्यात २०० मीटर न थांबता पोहावं लागतं (वेळेची अट नाही, म्हणून जमलं), दहा मिनिटं तरंगावं लागतं, आणि पाण्याखाली मास्क काढून पुन्हा लावावा लागतो. त्याला मी खरंच घाबरले. पहिल्या दिवशी रडले. हवं तर हे भाऊजींना कळवा.

तिसऱ्या दिवशी डोंगीतून लाइटहाउस नावाच्या जागी गेलो. दर अर्ध्या मीटरला नाक चिमटीत, हळूच फूं. कान उघडत गेले. पोपटमासा प्रवाळ कुरतडतो त्याचा कुरकुर आवाज येतो, तो ऐकत उतरले. खाली तांबोशीचा थवा, वाळूत अर्धी पुरलेली पाकट, आणि कपारीत हेकरू. आयुष्यात शेकडो हेकरू बघितले, सगळे बर्फावरचे, डोळे पांढरे झालेले. हा माझ्याकडे बघत होता, ओळख नसल्यासारखा. मी भाव करायचं विसरले.

तुमचं राहिलंच. स्कूबा करा. टाकी लावून एकदाच उतरायला पोहता यावं लागत नाही. पण सर्दी असेल तर नको, आणि नाकाचा स्प्रे मारून तर मुळीच नको. त्याचा असर खालीच संपला तर वर येताना हवा आत अडकते. एका शिकवणाऱ्यामागे किती जण, हे पैसे भरायच्या आधी विचारा. एकास एक नसेल तर दुसरीकडे जा. नाक चोंदलं तर एलिफंट बीचला स्नॉर्कलिंग करा, तेही छान. आणि नुसता फोटोच हवा असेल तर स्कूबाला आमचं मालवण काय वाईट आहे? पाणी तेवढं नितळ नसतं, इतकंच. कोर्स मला तीस हजारांच्या आसपास पडला, राहणं-खाणं वेगळं. आता वाढला असेल.

हो, आणि विमानाच्या आदल्या संध्याकाळी उतरू नका. मधे अठरा तास सोडा.

या डिसेंबरला घरचे सगळे पुन्हा चाललेत. भाऊजींना गेल्या वर्षी रक्तदाबाची गोळी सुरू झालीय. फॉर्म भरताना यंदा शेजारी मी बसणार आहे.