पान्हा आधी सुटत नाही

बाळा,

परवा रात्री साडेअकराला डेअरीच्या कट्ट्यावर तू एकटाच बसलेला दिसलास म्हणून मी गाडी थांबवली. तू मोबाईल पालथा ठेवलास, इकडचं तिकडचं बोललास आणि मग खाली बघत म्हणालास, "मामा, मोटिव्हेशनच येत नाही ओ आता." मी 'येईल येईल' असं काहीतरी बोलून निघून आलो. खोटं बोललो. ते असं वाट बघून येत नसतं हे मला पक्कं माहीत असताना तुला येईल म्हणालो, त्याचीच टोचणी रात्रभर लागली, म्हणून हे लिहितोय.

तू कष्टाळू आहेस, तुझं नक्की होईल, हे असलं मी लिहिणार नाही, तुला तेवढं कळतं. तीन वर्षं सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर काढलीस, अभ्यासिकेची फी, मेसचे पैसे, सगळं बापाच्या ऊसबिलातनं गेलं, एमपीएससीच्या कंबाइन परीक्षेला दोन मार्कांनी राहिलास आणि आता आठ महिने घरी आहेस. दुपारी उठतोस असं तुझी आई म्हणाली. तक्रार म्हणून नाही सांगितलं तिनं, सांगताना डोळे भरले होते तिचे.

तू लहानपणापासून आमचा गोठा बघितलायस पण धार कधी काढली नाहीस, म्हणून नीट सांगतो. म्हैस कासेत दूध घेऊन उभी असते, पण तू गेलास, सड ओढले आणि दूध आलं असं होत नाही. तिनं पान्हा सोडावा लागतो. त्यासाठी आधी पुढ्यात आंबोण ठेवायचं, रेडकू सोडायचं, त्याला दोन ढुसण्या मारू द्यायच्या, मग त्याला बाजूला बांधायचं, कोमट पाण्यानं कास धुवायची, हात फिरवायचा. तीच वेळ, तोच माणूस, त्याच बादलीचा आवाज. एक-दोन मिनिटं काहीच होत नाही, नुसते कोरडे सड हातात. आणि मग बोटांना कळतं, सड भरतात, धार लागते. डॉक्टर सांगतात की तेव्हा तिच्या रक्तात एक हार्मोन सुटतं आणि त्याचा जोर थोडीच मिनिटं टिकतो, तेवढ्यात धार आटपायची. गाईपेक्षा म्हशीला पान्हा सोडायला वेळ जास्त लागतो. ज्याला हे माहीत नाही तो नवखा माणूस दुसऱ्या मिनिटाला उठतो आणि म्हणतो, आज देत नाही ही.

तू आठ महिने दुसऱ्या मिनिटाला उठतोयस.

पान्हा बसल्यावर सुटतो रे. बसायच्या आधी कधीच सुटत नाही. अभ्यासाचं तेच आहे, पळायचं तेच आहे, दुकान टाकायचं असलं तरी तेच आहे. तू अंथरुणात पडून मनाला विचारतोस की आज इच्छा आहे का, आणि मन म्हणतं नाही. ते नाहीच म्हणणार! माझंही 2001 पासून रोज पहाटे पावणेपाचला नाहीच म्हणतं. पावसाळ्यात तर दहा वेळा म्हणतं. मी त्याला विचारायचं बंद केलं, एवढाच काय तो फरक आपल्या दोघांत.

मला हे 1996 ला कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. बीकॉम करून मीही पुण्याला गेलो होतो, फौजदारच व्हायचं म्हणून. तेव्हा मोबाईल नव्हता, रील्स नव्हत्या, तुमच्यासारखं दाखवायला कारणही नव्हतं. रविवारी कुठल्यातरी हॉलमध्ये पास झालेल्या साहेबाचं भाषण असायचं. ऐकून यायचो, अंगावर काटा, रात्री दोनपर्यंत बसायचो, सोमवारी पहाटे चारला उठायचो, बुधवारपर्यंत सगळं थंड. मग पुढच्या रविवारची वाट बघायची. माझी ती वही अजून माळ्यावर आहे, तीन वर्षांत एक्केचाळीस टाईमटेबलं, स्केचपेननं रंगवलेली, एकही टाईमटेबल आठवड्याच्या पुढं गेलेलं नाही. अभ्यास अवघड होता म्हणून माझं राहिलं नाही, मी पेटायची वाट बघत बसलो म्हणून राहिलं. 1999 ला बॅग घेऊन परत आलो तेव्हा वडील गोठ्यात होते, काही बोलले नाहीत, वैरणीची पाटी माझ्याकडं दिली. ते बोलले असते तर बरं झालं असतं असं अजून वाटतं.

तू रात्री बघतोस ना ते व्हिडिओ, पाठीमागं ढोल, पुढं कुणीतरी ओरडतोय की उठ, वाघ आहेस तू. गोठ्यात याला इंजेक्शन म्हणतात. काही लोक सुई मारून पान्हा सोडवतात. दूध येतं, लगेच येतं. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात त्याला बंदी आहे तरी चोरून चालतं. आणि एकदा सवय लागली की ती म्हैस सुईशिवाय पान्हा सोडत नाही, रेडकू पुढं उभं असलं तरी सोडत नाही. तुझं तेच झालंय. व्हिडिओ बघितला की दहा मिनिटं रक्त उसळतं, तेवढ्यात तू पुढचा व्हिडिओ लावतोस. उसळलेलं रक्त घेऊन खुर्चीवर बसलास कधी? परवा विचारणार होतो, राहून गेलं.

सवय काय करते ते बघायचं असेल तर कोल्हापुरात गंगावेशला दूध कट्ट्यावर जा. भर रस्ता, गाड्यांचे हॉर्न, गिऱ्हाईक ग्लास घेऊन उभं, आणि तिथं म्हैस धार देते. माझ्या म्हशी तिथं नेल्या तर थेंब देणार नाहीत. त्या म्हशींना ती जागा सवयीची झालीय, दुसरं काही नाही. म्हणून तू पुण्याच्या अभ्यासिकेसारखं वातावरण घरात नाही हे मला सांगू नको. वातावरण लागतं हे खरं, पण ते रोज त्याच जागी बसून तयार होतं. मधल्या खोलीतल्या खिडकीपाशी टेबल लाव आणि त्या टेबलावर अभ्यासाशिवाय काही करू नको, जेवू पण नको.

पहिले दहा दिवस फक्त चाळीस मिनिटं बस. तू म्हणशील चाळीस मिनिटांत काय होतंय, इतर पोरं बारा तास करतात. करू देत. आठ महिने बंद पडलेल्या माणसानं बारा तासांचं टाईमटेबल केलं की काय होतं त्याचे एक्केचाळीस पुरावे माझ्या माळ्यावर आहेत. चाळीस मिनिटं, पण वेळ ठरलेली, पहाटे साडेपाच म्हणजे साडेपाच. बसल्यावर पहिली दहा मिनिटं कोरडी जाणार, डोकं भरकटणार, तेव्हा उठायचं नाही. कालचंच पान परत हातानं लिहून काढ, ते तुझं कास धुणं समज. पॅटर्न बदलला, 2025 पासून राज्यसेवा मुख्य वर्णनात्मक झाली, आता पहिल्यापासून सगळं करायचं म्हणालास ना? मग तर हातानं लिहायलाच पाहिजे. रोज एक उत्तर, एक पान. चांगलं आलं की वाईट ते महिनाभर बघायचंच नाही.

मोबाईल रात्री दहाला आईच्या स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा आणि गजराचं घड्याळ वेगळं घ्यायचं, दीड-दोनशेला बाजारात मिळतं. उशाशी फोन ठेवून पहाटे उठणारा माणूस मी अजून बघितला नाही.

आणि हिशोब ठेव. डेअरीचं कार्ड बघितलंयस ना, तारीख, सकाळ, संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ. त्यात आज मन लागलं नाही असा रकाना नसतो. जे घातलं ते लिहिलं जातं. तसंच कार्ड कर, किती मिनिटं बसलो, किती प्रश्न सोडवले, किती पळालो. ज्या दिवशी काही नाही त्या दिवशी शून्य लिही, पण लिही, मोकळं सोडू नको. आणि दर दहा दिवसांनी बिल काढायचं, जसं आपलं निघतं. रोज रोज स्वतःला तपासत बसू नको, म्हशीचं दूध एका दिवसात कमी-जास्त होतंच, ढग आले तरी होतं. दहा दिवसांची बेरीज बघून मग ठरव काय वाढवायचं ते.

संध्याकाळी कॅनॉलच्या रस्त्यानं पळ. फौजदाराच्या मैदानीला 800 मीटर आहे आणि 7.26 किलोचा गोळा आहे, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. पण मैदानीसाठी म्हणून नाही सांगत. शरीर दमलं की रात्री दहाला झोप येते आणि झोप आली की पहाट सोपी जाते, तुझी सगळी गाठ तिथं अडकलीय.

तुम्ही पोरं खाशाबा जाधवांचा फोटो स्टेटसला ठेवता. 1952, हेलसिंकी, कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, हे तुम्हाला प्रश्न म्हणून पाठ असतं. 1948 ला लंडनमध्ये ते सहावे आले होते, मातीत वाढलेला पैलवान तिथं पहिल्यांदा मॅटवर उतरला होता. मधली चार वर्षं मोज की. रोज तालमीत उतरणं, तेच जोर, त्याच बैठका, आणि त्यात हेलसिंकीला जायच्या पैशाची खात्री नाही. त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर, त्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून पैसे उभे केले. त्या चार वर्षांचा फोटो कुणाच्या स्टेटसला नसतो. पुढं 1955 ला ते पोलिसात सब-इन्स्पेक्टर म्हणूनच लागले.

सुट्टी घ्यायचीच नाही असं मी म्हणत नाही. म्हशीला विण्याच्या आधी दोन महिने आपण स्वतःहून आटवतो, भाकड ठेवतो, नाहीतर पुढचं वेत खराब जातं. पण ते आपण ठरवून करतो. कंटाळा आला म्हणून मध्येच दोन वेळची धार सोडली तर कास दगडासारखी होते, दगडी म्हणतात त्याला, ताप येतो, सड कायमचा जाऊ शकतो. तू पण रविवार दुपारनंतर मोकळा राहा, शनिवारी लिहून ठेव की उद्या दुपारनंतर मोकळा. मग झोप, क्रिकेट खेळ, सिनेमा बघ.

2019 च्या ऑगस्टमधला महापूर तुला आठवतोय, तू तेव्हा कॉलेजला होतास. आम्ही म्हशी वरच्या शाळेच्या पटांगणात नेल्या होत्या. रस्ते बंद, टँकर नाही, संकलन बंद. दूध कुणाला घालायचं? तरी रोज दोन वेळा धार काढली, भर पावसात, कंदील धरून. छावणीतल्या पोरांना दिलं आणि उरलेलं अक्षरशः ओतून टाकलं. तुझी मामी म्हणाली, ओतायचंच आहे तर काढताय कशाला. काढलं म्हणून पूर ओसरल्यावर नऊच्या नऊ म्हशी दुधात होत्या. तुझा आत्ता पूर चाललाय असं समज, केलेला अभ्यास कुठं घालायचा कळत नाही, परीक्षेची जाहिरात कधी निघेल माहीत नाही. तरी धार काढायची. आटू द्यायचं नाही.

लोक मला हट्टी म्हणतात. बहिणीच्या मुलीच्या लग्नातनं दुपारी साडेतीनला मी धारेसाठी उठून आलो, बहीण दोन वर्षं बोलली नाही माझ्याशी. माझा मुलगा म्हणतो, बाबांनी आम्हाला एक सहल दाखवली नाही. खरं आहे. पण त्याची इंजिनिअरिंगची फी त्याच दहा दिवसांच्या बिलातनं गेली, एकही हप्ता चुकला नाही. लग्नात एक दिवस गडी लावला असता तर काय बिघडलं असतं? काही बिघडलं नसतं कदाचित. पण मी तीन वर्षं स्वतःला सवलती दिलेला माणूस आहे, एक सवलत दिली की दुसरी कशी येते ते मला माहीत आहे, म्हणून मला भीती वाटते. आणि म्हणून तुझ्यावर चिडतोय, हेही कळतं मला.

एक गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती नीट वाच. आमच्या रूमवर एक मुलगा होता, तो हळूहळू गप्प झाला. जेवण कमी, रात्रभर जागा, कशातच रस नाही. आम्ही म्हणालो नाटकं करतोय, पुरुषासारखा पुरुष आणि असा काय बसतोय. एक दिवस न सांगता गावी गेला आणि नंतर कुणाशीच त्यानं संबंध ठेवला नाही. मी त्याला एकदाही विचारलं नाही की तुला काय होतंय. बसूनसुद्धा पान्हा सुटत नसेल, म्हैस चारा पण खात नसेल, तर आपण डॉक्टरला बोलावतो, तिला शिव्या देत नाही. तुझं तसं असेल, जगणंच नको वाटत असेल, तर माझं हे सगळं पत्र बाजूला ठेव आणि मला फोन कर, रात्री कितीही वाजता. माझ्याशी बोलायचं नसेल तर सरकारचं टेलिमानस आहे, 14416, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. डॉक्टरकडं मी येतो बरोबर, गावात कुणाला सांगायची गरज नाही. परवा मी हे विचारायला पाहिजे होतं आणि 'येईल येईल' म्हणून निघून आलो.

तसं नसेल, नुसतं अडकून बसलेला असशील, तर सोमवारी पहाटे पावणेपाचला गोठ्यावर ये. इच्छा असली तरी ये, नसली तरी ये. कोपऱ्यातली पंढरपुरी गरीब आहे, नवीन हाताला लाथ मारत नाही, तिच्यापाशी तुला बसवतो. साडेपाचपर्यंत मोकळा करतो, म्हणजे तुझं टेबल चुकणार नाही. मोबाईल घरी ठेव आणि आईला सांग, चहा मामाकडंच होईल.

तुझा
मामा