बेटावर राहिलेले तिघे

प्रिय दोस्त,

स्टीव्हन्सनच्या 'ट्रेझर आयलंड'ची पुढची गोष्ट सांगणारं 'सिल्व्हर' तू चाळीस पानांतच मिटलंस, कारण 'ही भाषा स्टीव्हन्सनची नाही'. खरंय, नाहीच. 'ट्रेझर आयलंड' १८८३ साली पुस्तक म्हणून आलं, पण त्याआधी ते मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः छापून येत होतं. पुढच्या अंकाची ओढ लावणं त्याला भागच होतं. अँड्र्यू मोशनचं 'सिल्व्हर' २०१२ चं, आणि मोशन मुळात कवी. तो नदीकाठच्या दलदलीत रेंगाळतो. मलाही सुरुवात संथ वाटली होती. पण वेगाची तुलना करत बसलास, तर नवं पुस्तक पानोपानी हरेल आणि तुझ्या हाती काहीच लागणार नाही.

आधी जुन्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण पुन्हा वाच. घाई न करता. खजिना जहाजावर चढलाय आणि तिघा बंडखोरांना बेटावरच सोडायचं ठरलंय. त्यांच्यासाठी काय काय ठेवतात बघ: दारूगोळा, बकऱ्याचं खारवलेलं मांस, थोडी औषधं, अवजारं, कपडे, जास्तीचं शीड, डॉक्टरांच्या खास इच्छेवरून तंबाखूसुद्धा. जहाज निघतं तेव्हा ते तिघे वाळूवर गुडघे टेकून, हात वर करून विनवण्या करत असतात. जहाज थांबत नाही. मग त्यांतला एक बंदूक खांद्याला लावतो आणि गोळी त्यांच्याच जुन्या म्होरक्याच्या, जहाजावरच्या लाँग जॉन सिल्व्हरच्या डोक्यावरून जाते.

लहानपणी माझं सगळं लक्ष त्याच प्रकरणातल्या नाण्यांच्या ढिगावर होतं. हे तिघे मला दिसलेच नव्हते. औषधं आणि तंबाखू देऊन माणसांना मागे टाकणारे ते भले लोक आज मला अस्वस्थ करतात.

चांदीच्या लगडीही तिथेच राहिल्या. पण जिम, म्हणजे गोष्ट सांगणारा मुलगा, सांगून टाकतो की बैल जुंपून ओढलं तरी मी त्या बेटावर परत जाणार नाही. म्हणून मोशनने १८०२ सालात जिमच्या मुलाला पाठवलं, तेही सिल्व्हरच्या मुलीबरोबर. जिमचा शब्द मोडला नाही आणि बेटाची वाटही मोकळी झाली. ही निवड मला फार आवडते. जुन्या पुस्तकावर जीव असल्याशिवाय ती सुचत नाही.

तेव्हा एकेचाळिसावं पान उघडण्याआधी कागद घे आणि लिही: त्या तिघांनी इतकी वर्षं बेटावर काय केलं असेल? मोशनचं उत्तर मी सांगणार नाही. तुझं आधी मला पाठव.

वाट पाहतो.