पुण्याहून वाई-मेणवली अर्ध्या दिवसात: तासांचा आणि किलोमीटरचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडहून चार जण, त्यात सत्तरीच्या आणि गुडघे दुखणाऱ्या आई, रविवारी स्वतंत्र गाडी करून कृष्णाकाठी वाईला जायचं आणि दुपारच्या जेवणाला घरी परत यायचं. हे जमेल का, आणि 'हाफ डे'चं पॅकेज घ्यावं का?

जमतं. पण हाफ डेचं पॅकेज डोक्यातून काढून टाका. तुमच्या घड्याळातला अर्धा दिवस आणि गाडीवाल्याच्या वहीतला अर्धा दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शहरातली पॅकेजं '४ तास ४० किलोमीटर' आणि '८ तास ८० किलोमीटर' अशी असतात. कोथरूड ते वाई एका बाजूनेच साधारण ८८ ते ९० किलोमीटर भरतं. वाईजवळचं मेणवली, नाना फडणवीसांच्या वाड्याचं गाव, धरून येऊन-जाऊन १९० च्या आसपास. म्हणजे तुम्ही आठ तासांत परतलात तरी किलोमीटर कधीच संपलेले असतात. शिवाय महापालिकेची हद्द सोडून इतकं लांब जायचं म्हटलं की बहुतेक जण 'आउटस्टेशन' दर लावतात, आणि त्यात रोजचे किमान किलोमीटर ठरलेले असतात. ते बहुधा ३०० असतात, काही जण २५० वर येतात. समजा दर किलोमीटरला १४ रुपये आहे. १९० किलोमीटरचे २,६६० होतील, पण बिल ३०० चं, म्हणजे ४,२०० चं येईल. वर ड्रायव्हरचा भत्ता, टोल, पार्किंग आणि जीएसटी. यात फसवणूक काही नाही, धंद्याची रीत आहे. फक्त आधी माहीत असलेली बरी.

म्हणून फोनवर 'हाफ डेचे किती?' असं विचारू नका. असं विचारा: "रविवारी पहाटे साडेपाचला कोथरूडहून वाई, मेणवली आणि परत, दीडपर्यंत गाडी मोकळी. टोल, पार्किंग, भत्ता सगळं धरून फिक्स किती?" दुपारी दीडला गाडी मोकळी होते म्हटल्यावर मालकाला त्याच दिवशी दुसरं भाडं मिळू शकतं, त्यामुळे फिक्स रकमेत तो कमी करायला तयार होतो. ही गोष्ट आपण सांगितल्याशिवाय त्याच्या लक्षात येत नाही. आणि किलोमीटर कुठून मोजणार तेही त्याच फोनवर विचारून घ्या. हिशेब 'गॅरेज टू गॅरेज' असेल आणि गाडी हडपसरहून निघणार असली, तर तिचं तुमच्या दारापर्यंत येणं आणि परत जाणंही तुमच्याच खात्यावर पडतं.

अॅपवरून एकेरी गाडी करून वाईला उतरायचा मोह टाळा. जाताना स्वस्त दिसतं, पण परतीसाठी वाईत अॅपची गाडी पुण्यासारखी हाकेला येत नाही. मग समोर जो उभा असेल तो सांगेल तो दर.

गाडी पिवळ्या पाटीचीच घ्या. ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी 'डिझेल टाका आणि काय ते द्या' म्हणून मिळते, पण खासगी गाडीचा विमा भाड्याच्या वापराला लागू नसतो. काही झालं तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. (इलेक्ट्रिक टॅक्सीची पाटी हिरवी आणि अक्षरं पिवळी असतात. अक्षरं पांढरी असली तर ती खासगी.)

आईंच्या गुडघ्यांसाठी सेडान नको, अर्टिगासारखी गाडी सांगा. सेडानमध्ये खाली बसावं लागतं आणि उठताना सगळा भार गुडघ्यावर येतो. उंच सीटवर माणूस सरळ सरकून बसतो. गाडी सीएनजीवर असेल तर आदल्या रात्रीच टाकी भरून ठेवायला सांगा. पहाटेचा अर्धा तास पंपावरच्या रांगेत गेला की पुढचं सगळं वेळापत्रक कोसळतं. आणखी एक गोष्ट विचारायला लोक लाजतात, ती म्हणजे ड्रायव्हर आदल्या रात्री एअरपोर्टच्या ड्युटीवर होता का. साडेपाचला येणारा ड्रायव्हर दोनला झोपलेला असेल तर महामार्गावर ते महागात पडतं. बुकिंग करतानाच सांगा, रात्री गाडी चालवलेला माणूस नको.

आता वेळ. या सहलीचा अर्धा दिवस म्हणजे पहिलाच अर्धा, दुपारनंतरचा नव्हे. कारण वाईत नाही, रस्त्यात आहे. सुरूर फाट्यावरून वाईकडे वळणारा रस्ता हाच पुढे पाचगणी-महाबळेश्वरला जातो. शनिवारी सकाळी सगळे पर्यटक त्या दिशेने जात असतात आणि खंबाटकी घाट तुंबतो. रविवारी दुपारनंतर तेच लोक खाली उतरतात आणि पुण्याकडची बाजू भरते. त्यामुळे तुम्ही रविवार निवडलात ते शनिवारपेक्षा बरंच आहे. सकाळी जाताना रस्ता मोकळा मिळतो, फक्त परतीच्या लोंढ्याच्या आधी निसटायचं. अकरा, फार तर सव्वाअकराला वाई सोडा. चार वाजता निघालात तर दोन तासांचे साडेतीन कधी झाले ते कळणार नाही. जोडून सुट्ट्या आल्या असतील तर हा हिशेबही चालत नाही, तेव्हा सरळ पुढचा आठवडा धरा. मधल्या वारी रजा मिळत असेल तर त्यासारखं दुसरं काही नाही.

रस्ता सरळ आहे: कात्रजचा नवा बोगदा, खेड शिवापूरचा टोल, शिरवळच्या अलीकडे नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा, मग खंडाळा (हा साताऱ्यातला, लोणावळ्याजवळचा नव्हे), खंबाटकी, सुरूर फाटा आणि तिथून दहा-बारा किलोमीटर वाई. टोल हा एकच. आनेवाडीचा टोल सुरूरच्या पुढे साताऱ्याच्या बाजूला आहे, तो लागत नाही. बिलात दिसला तर हिशेब विचारा.

खंबाटकीबद्दल थोडं सविस्तर, कारण बिघडतं ते इथेच. वर्षानुवर्षांची रचना अशी की साताऱ्याकडे जाताना घाट चढायचा आणि पुण्याकडे येताना बोगद्यातून यायचं. नव्या बोगद्यांमुळे त्यात बदल होत आहेत, त्यामुळे सवयीने लेन धरू नका, फलक बघा. घाटात भरलेले ट्रक पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढत असतात. त्यातला एक बंद पडला की मागे रांग, रांगेत रखडणाऱ्या गाड्यांचे क्लच जळतात, इंजिनं तापतात, मग त्यातलीही एखादी बंद पडते आणि कोंडी वाढत जाते. घाटात जळकट वास येऊ लागला आणि तापमानाचा काटा वर सरकला तर एसी बंद करून बाजूला थांबणं शहाणपणाचं. सकाळी सातच्या आत घाट चढलात तर यातलं काही वाट्याला यायची शक्यता कमी.

भोर-आंबाडे-मांढरदेवी हा दुसरा रस्ता देखणा आहे, पण अर्ध्या दिवसाच्या कामाचा नाही. वळणं फार, वेळ जास्त, आणि आईंना गाडी लागत असेल तर आणखीच नको. पौष पौर्णिमेच्या सुमारास मांढरदेवीची यात्रा असते, तेव्हा तर त्या वाटेचं नावही काढू नका.

साडेपाचला निघालात तर साडेसातपर्यंत वाईत. आधी वाई, मग मेणवली, हाच क्रम ठेवा. घाट आणि देवळं सकाळपासून खुली असतात, पण मेणवलीचा वाडा खासगी मालकीचा आहे. तिथे भल्या पहाटे जाऊन दारात उभं राहण्यात अर्थ नाही.

वाईत गणपती आळीचा घाट गाठा. गल्ल्या अरुंद आहेत, गाडी अगदी देवळापाशी नेण्याचा हट्ट धरला तर मागे घेताना दहा मिनिटं जातात. ड्रायव्हरला सांगा की आईंना जवळात जवळ उतरव, गाडी बाहेर लाव आणि परत कुठे भेटायचं ते उतरतानाच ठरव. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. मूर्ती प्रचंड आहे, ती तर सगळेच बघतात. तुम्ही दर्शन झाल्यावर देवळाच्या मागे जा. मागची भिंत सपाट नाही, माशाच्या तोंडासारखी निमुळती होत गेलेली आहे. पूर आला की पाण्याचा लोंढा थेट भिंतीवर आदळत नाही. त्या टोकावर फाटतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. नदीच्या पात्रात देऊळ बांधायचं तर काय करावं लागतं, ते त्या भिंतीवर हात ठेवून कळतं. समोरूनच परतणाऱ्यांना ती दिसतही नाही. शेजारी काशीविश्वेश्वराचं देऊळ आहे, तिथला काळा तुळतुळीत नंदी पाहण्यासारखा. सकाळची आरती मिळाली तर उत्तमच, मात्र संकष्टी, अंगारकी किंवा माघातला गणेशजन्म असेल तर दर्शनाची रांग तुमचे दोन तास खाते. निघण्याआधी कॅलेंडर बघा. थंडीच्या शेवटी घाटाघाटावर कृष्णाबाईचे उत्सव असतात. ते बघायचेच असतील तर पूर्ण दिवस काढून या.

घाटाच्या पायऱ्यांबद्दल सावध करतो. पाण्यालगतच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि ते वाळल्यासारखं दिसलं तरी निसरडं असतं. आईंना शेवटच्या चार पायऱ्या उतरवूच नका, वरच्या टप्प्यावर बसूनही नदी पूर्ण दिसते. अनवाणी चालायचं असल्याने उन्हाळ्यात दहानंतर दगड पाय भाजतात, जाड मोजे जवळ असले तर बरं. पावसाळ्यात वरच्या अंगाला असलेल्या धोम धरणातून पाणी सोडलं की पायऱ्या बुडतात, कधी पाणी देवळापर्यंत येतं. आकाश कोरडं आहे म्हणून नदी शांत असेल असं समजू नका, पाऊस वर महाबळेश्वरच्या बाजूला पडत असतो. पोहायला कुणीच उतरू नये, पात्रात डोह आहेत. उलट एप्रिल-मेमध्ये पाणी आटतं, शेवाळतं आणि वासही मारतं. मला विचाराल तर ऑक्टोबर ते जानेवारी, बाकी महिन्यांत तीच नदी निम्मीच वाटते.

नऊला नाश्ता उरका. जाताना महामार्गावर थांबू नका. चार माणसांचं 'पाच मिनिटं चहा' म्हणजे पंचवीस मिनिटं. घरून थर्मास घ्या, गाडीतच प्या.

पावणेदहाच्या सुमारास मेणवली. वाईपासून तीनेक किलोमीटर, नदीच्या वरच्या अंगाला. नाना फडणवीसांचा वाडा इथे आहे, सहा चौकांचा, भिंतींवर जुनी चित्रं असलेला. सगळ्या खोल्या खुल्या असतीलच असं नाही. तिथे जो दाखवेल त्याचं ऐका आणि फोटो काढण्याआधी विचारा. उंबरे उंच आणि जिने अरुंद आहेत, तेव्हा आईंनी खालचे चौक पाहून बसावं. वाड्यामागे घाट आणि मेणेश्वराचं देऊळ. तिथेच एका छोट्या देवळीत मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तिथल्या चर्चमधली ही घंटा. जवळ जाऊन बघा: धातूवर मरियम आणि बाळ येशूची आकृती उठवलेली आहे आणि १७०७ हे साल आहे. सिनेमावाल्यांचा हा घाट फार लाडका. चित्रीकरण चालू असलं की एखादी बाजू अडवलेली असते. वाद घालत बसू नका, तासाभरात ते काही हलत नाहीत.

धोमचं नरसिंहाचं देऊळ आणि कमळाच्या आकाराच्या कुंडातला कासवावरचा नंदी, हे या सहलीत बसवायचं का? वाईपासून आठ-नऊ किलोमीटर, म्हणजे येऊन-जाऊन आणि बघून सव्वा तास. जेवायला घरी पोहोचायचं असेल तर नाही. ३०० किलोमीटरचे पैसे भरलेच आहेत, मग वसूल करू, या हिशेबाने लोक धोम, तिथून पाचगणी असं वाढवत नेतात आणि रविवारच्या परतीच्या गर्दीत अडकतात. किलोमीटर उरले तर उरू द्या.

परत आल्यावर पैसे देताना टोलचा एसएमएस दाखवायला सांगा. चोवीस तासांच्या आत त्याच नाक्यावरून परतलात तर दुसऱ्या वेळी फास्टॅगमधून निम्माच टोल कापला जातो. बिलात मात्र बऱ्याचदा दोन्ही वेळचा पूर्ण टोल लिहिलेला असतो.