‘ओळखलंस काय मला?’ हे विचारणं आधी थांबवा

निपाणी, चिकोडी, खानापूरकडून येणाऱ्या घरांतून एकच काळजी पुन्हा पुन्हा कानावर येते. डोक्याला मार लागला, जीव वाचला, बोलताही येतं. पण माणसं तुटली.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापणाऱ्या यंत्रावर, काम करणारे एक चाळिशीतले गृहस्थ (ओळख बदलली आहे) असेच माझ्याकडे समुपदेशनाला आले. मोटारसायकलवरून पडले, डोक्यावर हेल्मेट नव्हतं. उच्चार स्वच्छ होते, पण आपणहून शब्द काढत नसत. पाहुण्यांना मात्र तोंडावर ‘उठा आता’ म्हणून मोकळे होत.

‘‘मॅडम, आधी सांजचं कट्ट्यावर ह्यांच्याशिवाय पान हलत नव्हतं,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘आता कोण फिरकत नाही. मुद्दाम करतात काय असं?’’

मुद्दाम नाही. बोलायला सुरुवात करणं, तोंडावर आलेलं आवरणं, समोरच्याचा चेहरा वाचणं ही कामं बरीचशी मेंदूच्या पुढच्या भागाची, आणि अपघातात हाच भाग फार वेळा दुखावतो. बाहेरून जखम दिसत नाही, म्हणून लोक स्वभावाला दोष देतात.

मी वहिनींना विचारलं, ‘‘भेटायला येणारे काय बोलतात?’’

‘‘ओळखलंस काय, म्हणतात. पोरगा वार विचारतो. मी विचारते, सकाळी काय खाल्लं.’’

उत्तर ठाऊक असलेलेच सगळे प्रश्न! त्या घरात गप्पा होत नव्हत्या, रोज तोंडी परीक्षा होत होती. ऑस्ट्रेलियातल्या संशोधक लियान टॉगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अशा रुग्णांची फोनवरची संभाषणं तपासली. आई आणि थेरपिस्ट, दोघांनीही रुग्णाला आपल्याला ठाऊक नसलेलं असं काही विचारलंच नव्हतं. म्हणून मी एकट्या रुग्णावर काम करत नाही. घर बदललं तर बोलणं बदलतं, ही माझी पक्की धारणा आहे.

मी त्यांच्याकडे वळले. ‘‘लेथवर टूल बोथट झालं हे कसं कळतं? मला यातलं काही माहीत नाही.’’

बराच वेळ ते गप्प. वहिनी उत्तर द्यायला निघाल्या, मी हातानं थांबवलं. घरघर नको म्हणून भिंतीवरचा पंखा मी आधीच बंद केला होता.

‘‘आवाज,’’ ते म्हणाले. मग थांबून, ‘‘आवाज बदलतोय. किरकिरतंय. मग जॉबवर (कापलेल्या तुकड्यावर) हात फिरवून बघायचा.’’ आणि एकदम बोट वर करून, ‘‘मशीन बंद करून हां, मॅडम!’’

त्या शेवटच्या वाक्यानं मी हरखले. दुसऱ्याचा विचार करत नाही, असा ज्यांच्यावर आरोप होता, ते माझ्या बोटांची काळजी करत होते. वहिनींनी पदर डोळ्याला लावला.

पुढचं काम घरच्यांनी केलं. प्रश्न विचारून गप्प बसायचं, त्यांचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. टीव्ही बंद. एका वेळी एकच माणूस, तेही सकाळी, कारण दिवस कलता मेंदू थकतो आणि चिडचिड वाढते. विषय सुटला तर ‘आपण मशीनचं बोलत होतो’ एवढंच सांगायचं. तोंडून वेडंवाकडं गेलं तर वहिनी गुडघ्यावर हात ठेवतात. ही खूण दोघांनी मिळून ठरवली, त्यामुळे त्यात अपमान वाटत नाही. मित्रांना मी निरोप दिला: तब्येत विचारू नका, कामातली अडचण घेऊन या. एक जण खरंच ड्रॉइंग घेऊन आला.

स्पीच थेरपिस्टची मदत यासोबत चालूच ठेवावी. डोकेदुखी वाढू लागली, उलट्या, फिट किंवा गुंगी आली, तर मात्र समुपदेशकाकडे नको, तडक डॉक्टरकडे जा.

फोरमनशी कन्नडमध्ये बोलताना ते अजून अडखळतात. दोन भाषा असणाऱ्यांत कधी कधी एक आधी परतते, दुसरी मागे राहते, हे आपल्या सीमाभागात घरच्यांनी ध्यानात ठेवावं. लग्नातला बँड आणि गर्दीही त्यांना अजून सोसत नाही, म्हणून ते आदल्या दिवशी लग्नघरी जातात, चहा घेतात, नवऱ्या मुलाशी बोलतात आणि परत येतात.