हिरवी तुतारी की ठिपकेवाली? सांडपाण्याच्या तळ्यांवर पक्षी पाहताना

नागपूरजवळच्या गावातल्या सांडपाणी शुद्धीकरणाच्या तळ्यांवर कधी जावं, कुठं बसावं आणि तिथल्या सारख्याच दिसणाऱ्या तुताऱ्या (पाण्याच्या काठावर फिरणारे छोटे पक्षी) कशा ओळखाव्या, असं तुम्ही विचारलंत.

सांडपाणी रांगेतल्या तळ्यांतून एकामागून एक जातं, म्हणून आधी बघताय ते तळं रांगेतलं कितवं, हे पाहा. पहिलं सगळ्यांत खोल, वर सायीसारखा थर. तिथं धोबी पक्षी फिरतात, बाकी वासच. पुढचं साधारण दीड मीटरचं, शेवाळानं हिरवंगार. थापट्या बदकं रुंद चोच पाण्यात धरून गोल फिरतात ते इथं. शेवटचं त्यातल्या त्यात नितळ, तिथं टिबुकली आणि हळदी-कुंकू बदक.

तुताऱ्यांसाठी मात्र काठच बघायचा. काठाला प्लॅस्टिकचं अस्तर असेल तर चिखल नाही, म्हणून चिखलात चोच खुपसणारे पक्षीही जवळपास नाहीत. शिवाय ते अस्तर ओलं झालं की भयंकर निसरडं. आत घसरलं तर बाहेर यायला पकड मिळत नाही. पाळीवरूनच बघा, एकटे जाऊ नका, ग्रामपंचायतीची परवानगी घ्या. अशा ठिकाणी शुद्ध केलेलं पाणी ज्या नाल्यात सोडतात, तिथला चिखल तपासा.

आता ओळख. डोळ्यावरची पांढरी रेघ नीट बघा. हिरव्या तुतारीत ती डोळ्यापाशीच संपते, ठिपकेवालीत डोळ्यामागेही लांब जाते. हिरवीची पाठ गडद, ठिपके बारीक. ठिपकेवालीची पाठ चितकबरी, पाय लांब आणि पिवळसर. तरी शंका राहिली तर उडेपर्यंत थांबा: पंखाची खालची बाजू जवळजवळ काळी म्हणजे हिरवी, फिकी म्हणजे ठिपकेवाली. कंबर (शेपटीच्या वरचा भाग) दोघींचीही पांढरी, तिच्यावर विसंबून बरेच जण फसतात. सतत शेपूट हलवणारी, खांद्यापुढं पांढरी खाच असलेली ती साधी तुतारी.

ऑक्टोबर ते मार्च उत्तम, पण हिरवी तुतारी ऑगस्टमध्येच हजर असते, तेव्हापासूनच जायला लागा. सकाळी पूर्वेच्या पाळीवर बसा म्हणजे ऊन पाठीमागे राहील. 8×42 ची (आठ पट मोठं दाखवणारी) दुर्बीण पुरते.

एप्रिल-मेमध्ये बोड्या (छोटी तळी) आटल्या की पक्षी इथं दाटतात, आणि तापलेल्या साचल्या पाण्यात बोट्युलिझमची (जिवाणूंच्या विषानं पक्षी लुळे पडतात त्या आजाराची) भीती वाढते. मान टाकलेलं, पंख न उचलणारं बदक दिसलं तर हात लावू नका. जागा आणि संख्या लिहून वन विभाग व पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवा. मेलेली पाखरं पाण्यात राहिली की त्यांच्यातल्या अळ्या खाऊन आणखी पक्षी मरतात.