बी.एस्सी. ॲग्रीच्या मुलांना जीन एडिटिंग: सहा तासांत काय शिकवाल?

तुमची अडचण अशी: जीन एडिटिंग शिकवायला तिसऱ्या वर्षाला सहा तास, प्रयोगशाळेत पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणं) आणि जेल (तुकडे लांबीनुसार वेगळे करणं) एवढ्यापुरतंच सामान, आणि मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, "म्हणजे बीटीच ना, मॅडम?" मी यातून गेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

क्रिस्पर, म्हणजे जीन एडिटिंगचं नेहमीचं तंत्र, जिवाणूंच्या प्रतिकारशक्तीतून आलं; पण पहिला तास त्यावर घालवू नका. पुस्तकं तिथूनच सुरू होतात आणि मागचा बाक तिथेच झोपतो. भातापासून सुरुवात करा. मे २०२५ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने जीनोम संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यातला 'कमला' हैदराबादच्या भात संशोधन संस्थेने सांबा महसुरीपासून तयार केला. त्यासाठी जीएन१ए हे जनुक बिघडवलं. ते सायटोकायनिन हे वाढीचं संप्रेरक मोडणारं एंझाइम बनवतं. ते थंडावलं की सायटोकायनिन साठतं आणि लोंबीत दाणे वाढतात. बिघडवून फायदा होतो, हे मुलांना लवकर पटत नाही. पटलं की अर्धं काम झालं.

बिघाड दाखवायला फळ्यावर लिहा: मनोज सकाळी बाजार गाठतो. प्रत्येक शब्द तीन अक्षरी; जनुकही असंच तीन-तीन अक्षरांनी वाचलं जातं. 'नो' पुसा आणि पुन्हा तीन-तीन अक्षरं तोडून वाचायला लावा: मजस काळीबा जारगा ठतो. वर्ग हसतो, पण फ्रेमशिफ्ट, म्हणजे एक अक्षर गळल्याने पुढचं सगळं वाचन सरकणं, डोक्यात बसतो. कॅस९, म्हणजे क्रिस्परमधलं डीएनए कापणारं प्रथिन, फक्त कापतं. अक्षर गळतं ते पेशी तुटलेली टोकं घाईने सांधते तेव्हा. हे दोनदा सांगा.

पुढचे दोन तास कागद-पेन्सिल. जनुकाचा दोन-तीनशे अक्षरांचा तुकडा छापून द्या आणि 'जीजी' शोधायला सांगा; कॅस९ त्याच्याजवळच कापतं. त्याच्या आधीचं एक अक्षर सोडायचं, त्याच्याआधीची वीस म्हणजे गाइड, कॅस९ला कापायची जागा दाखवणारा क्रम. दोन चुका हमखास होतात: 'जीजी' गाइडमध्येच घेतात, आणि दुसरी साखळी विसरतात, जी कागदावर 'सीसी' म्हणून दिसते. चॉपचॉप हे गाइड शोधून देणारं संकेतस्थळ त्यानंतरच उघडा; आधी उघडलंत तर यादीतला पहिला गाइड उतरवून मोकळे होतात.

बीटीचा प्रश्न मेंडेलकडे न्या. संपादनासाठीही बऱ्याचदा कॅस९चं जनुक रोपात घालावं लागतं, हे लपवू नका. ते एकाच जागी बसलं असेल तर पुढच्या पिढीत साधारण चौथाई रोपांत ते नसतं. त्यातली संपादन टिकलेली रोपं निवडायची. बीटी कपाशीत मात्र जिवाणूचं जनुक टिकायलाच हवं. केंद्राने ३० मार्च २०२२ ला परका डीएनए नसलेल्या एसडीएन-१ (फक्त कापून सांधू दिलेल्या) आणि एसडीएन-२ (नमुना देऊन छोटा बदल केलेल्या) रोपांना जनुकीय बदल केलेल्या जीवांच्या १९८९ च्या नियमावलीतल्या ७ ते ११ या नियमांतून सूट दिली, ती याच फरकावर.

प्रात्यक्षिकासाठी कॅस९ प्रथिन आणि गाइड विकत मिळतात. पीसीआरचा तुकडा त्यांच्यासोबत ३७ अंशांवर तासभर ठेवला की जेलवर एका पट्ट्याचे दोन होतात. त्यांची लांबी मुलांकडून आधीच लिहून घ्या. पार्सल आठवड्याच्या सुरुवातीला मागवा. आमचं एकदा शनिवारी दुपारी आलं, फ्रीजरची किल्ली गावाला गेलेली. प्रथिन खराब झालं, आणि सोमवारी जेलवर एकच पट्टा.

शेतकऱ्यांची मुलं शेवटी विचारतातच, "बी दरवर्षी विकत घ्यायचं का?" कपाशीचं घ्यावं लागतं ते मुख्यतः संकरित असल्यामुळे, कमला हा सरळ वाण आहे, म्हणजे घरचं बी ठेवता येतं. क्रिस्परच्या पेटंटचा प्रश्न वेगळा, आणि खराही. सहाव्या तासाची वीस मिनिटं त्यासाठी मोकळी ठेवा. ती मुलंच भरतात.